जावयाचं वेढणं

माझ्या हातांत तीन अंगठ्या आहेत. उजव्या हाताच्या मधल्या बोटात घोड्याच्या नालेची, तिच्या शेजारी वडिलांकडून आलेली माणकाची, आणि डाव्या हातात लग्नात सासऱ्यांनी घातलेली, चपट्या माथ्याची, जिच्यावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलंय. आमच्याकडे पुरुषाने अंगठी घालायची की नाही, हा प्रश्नच कधी पडला नाही. वडील दिवसभर चिकूच्या वाडीत बनियनवर असायचे, पण माणिक बोटात असायचंच. चिकूचा चीक बसून सोनं काळपट व्हायचं, मग आई रिठ्याच्या पाण्यात घालून जुन्या ब्रशने घासून द्यायची. माझी बायको म्हणते, "तुमचे हात बघून वाटतं, सोनाराने इथे शाखा काढलीय." म्हणू दे. मला अंगठ्या आवडतात.

त्यामुळे मुलीने त्या मुलाला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा माझं लक्ष आधी त्याच्या हातांकडे गेलं.

मुलगी तलासरीकडे एका शाळेत शिक्षिका आहे. तिथेच खोली घेऊन राहायची. एकदा वाऱ्याने तिच्या खोलीवरची तार तुटली आणि ती जोडायला जो लाईनमन आला, तो हा. तार जोडून झाल्यावर तिने चहा विचारला, त्याने नको म्हटलं, पाणी मागितलं. मग पुढचं काही तिने आम्हाला सविस्तर सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तो तिकडच्याच एका पाड्यावरचा. आईवडील थोडी भातशेती करणारे, उरलेले महिने मजुरीला जाणारे. आयटीआय करून हा वीज कंपनीत लागलेला. आमची वाडी, आमचे नातेवाईक, आमच्याकडची बोलणी हे सगळं डोक्यात घेऊन मी ओट्यावर बसलो होतो, आणि तो समोर खुर्चीच्या टोकावर बसला होता. हात गुडघ्यांवर. बोटं जाड, सांधे गाठीसारखे, एका अंगठ्याच्या नखावर काळा डाग, आणि बोटांत काही नाही. साधं चांदीचं वळंसुद्धा नाही.

"काका, चिकूला यंदा फळ कसं आहे?" त्याने विचारलं.

मी फळाचं सांगितलं. मग त्याने वाडीतल्या मोटारीचं विचारलं. मग आम्ही बराच वेळ मोटारीबद्दल बोललो. तो गेल्यावर बायको म्हणाली, "मुलगा खोटं बोलणारा नाही." ती हे कशावरून म्हणाली ते मला कळलं नाही, पण माणसांच्या बाबतीत ती चुकत नाही हे मला माहीत होतं. लग्न ठरलं.

साखरपुड्याच्या आधी आम्ही चौघं डहाणू रोडला आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेलो. सोनार गुजराती घरचा. आमच्याशी मराठीत बोलतो, कारागिराशी गुजरातीत, आणि गिऱ्हाईक मोठं असलं की दोन्ही भाषा एकदम सुरू होतात.

"आवो आवो, जमाईराज पण आले!" म्हणत त्याने गादीवर जागा केली. "पहिलं काय बघायचं?"

"पहिलं जावयाचं," मी म्हटलं.

त्याने पुरुषांच्या अंगठ्यांचा ट्रे काढला. मला त्या ट्रेसमोर बसायला फार आवडतं. एकीवर सिंहाचं तोंड, एकीवर ओम, एकीवर गणपती, एक चौकोनी काळ्या दगडाची, एकीवर नाल आणि नालेच्या आत बारीक खडे. मी सिंहाची उचलली. चांगली वजनदार होती, डोळ्यांच्या जागी लाल खडे.

"हात दे रे," मी म्हटलं.

त्याने हात पुढे केला. अंगठी सांध्यापर्यंत गेली आणि अडकली. सोनाराने मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि एकेक कडं घालून बघायला लागला. सांध्यावरून जाईल असं कडं बोटाच्या मुळाशी गरगर फिरायचं, आणि मुळाशी नीट बसेल असं कडं सांध्यावरून जायचंच नाही.

"असं होते कामकरी हातांचं," सोनार म्हणाला. "फिकर नको. आतून कमान बसवून देऊ, म्हणजे सांध्यावरून जाईल आणि खाली फिरणार नाही."

मुलाने हात मागे घेतला. मुलीकडे एकदा बघितलं. मग मला म्हणाला, "काका, एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"मला अंगठी नको."

सोनार ट्रे सारखा करायला लागला. माझा चेहरा कसा झाला असेल ते बायकोने बघितलं, कारण तिने लगेच माझ्या मनगटावर हात ठेवला.

"का नको?" तिने विचारलं.

"लाईनवर आम्ही अंगावर धातू ठेवत नाही, काकू. आणि नुसता करंटचा प्रश्न नाही. आमचे एक सीनियर आहेत. खांबावरून उतरताना त्यांची अंगठी पट्टीला अडकली." तो जरा थांबला. "ते खाली आले. बोट नाही आलं."

मुलीला हे आधीच माहीत होतं, ती खाली बघत होती.

"मग ड्युटीवर घालू नको," मी म्हटलं. "घरी घाल, सणावाराला घाल."

"घालेन. पण ही अशी घट्ट बसणारी रोज निघणार नाही. आणि एखाद्या दिवशी निघाली नाही म्हणून तशीच घालून गेलो तर?"

"साखरपुड्याला मुलाच्या बोटात अंगठी नाही, असं आमच्यात होत नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं होतं. मला त्याच्या हातात काहीतरी घालायचं होतं आणि तो हात मागे घेत होता.

बायको सोनाराला म्हणाली, "वेढणं दाखवा."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. वेढणं म्हणजे चोख सोन्याची तार बोटाभोवती वळसे देऊन केलेली अंगठी. नक्षी नाही, खडा नाही, डाग देऊन जोडलेलंही नाही. तिच्या वडिलांच्या बोटात होतं. मला तो नेहमी जुन्या, काटकसरी माणसांचा दागिना वाटत आला होता, पैसे बोटाला गुंडाळून ठेवल्यासारखा. सोनारालाही ट्रेमध्ये सापडेना. शेवटी त्याने आतल्या डबीतून एक काढलं आणि कागदाने पुसून पुढे ठेवलं.

"हे बघ," बायको मुलाला म्हणाली. "चोख सोनं मऊ असतं. असं उलटं पिळलं की सैल होतं, सुलटं पिळलं की बसतं."

त्याने ते घातलं. सांध्यावरून गेलं. पिळून घट्ट केलं. मग सैल केलं, काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हे चालेल, काका," तो मला म्हणाला. "हे निघतं."

निघते म्हणून अंगठी पसंत करणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

घरी येताना रिक्षात मी बायकोला म्हटलं, "लोक म्हणतील, एवढी वाडी आहे आणि जावयाला तार गुंडाळून दिली."

"लोकांना खांबावर चढायचं नाहीये," ती म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली.

साखरपुडा आमच्या अंगणात झाला. त्याच्याकडची माणसं टेम्पोने आली. त्याची आई गडद निळं लुगडं नेसून आली होती आणि सगळ्यांना जागा मिळेपर्यंत बसायला तयार नव्हती. मुलीने वेढणं घालायला घेतलं. अंगठी सरकवली की झालं, असं तिथे नव्हतं. तिला ते आधी सैल करावं लागलं, मग सांध्यावरून नेऊन वळशा-वळशाने घट्ट करावं लागलं. भटजी वाट बघत होते. आमच्या बायका हसायला लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "अगं, नीट आवळ, नाहीतर पळेल!" मुलगी लाल झाली, पण तिने घाई केली नाही. तो हात धरून उभा होता आणि तिच्या बोटांकडे बघत होता. फोटोवाल्याला चांगला वेळ मिळाला.

लग्नानंतर मी त्याला अहोजाहो करायला सुरुवात केली. जावई म्हटल्यावर आमच्याकडे तशी पद्धतच आहे. दोन वाक्यं झाल्यावर तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही मला तू म्हणा. तुम्ही म्हटलं की मला साहेब आल्यासारखं वाटतं." मग मी पुन्हा तू म्हणायला लागलो. पप्पा हा शब्द त्याने मुलीचा उचलला होता. मला ते आवडलं.

काही महिन्यांनी मी काही कामासाठी तलासरीला गेलो होतो, म्हणून दुपारी मुलीच्या शाळेत डोकावलो. ती व्हरांड्यात पोरांचे गणिताचे पेपर तपासत होती. पेन धरलेल्या हाताच्या अंगठ्यात काहीतरी चमकलं. बघतो तर वेढणं.

"हे तुझ्याकडे कसं?"

"तो ड्युटीवर आहे ना," ती म्हणाली. "जाताना काढून देतो. आला की परत घालते."

"डबीत ठेवायचं. हरवलं तर?"

"डबीतच हरवेल, पप्पा. अंगठ्यात कसं हरवेल?"

पोरं आमचं बोलणं ऐकत होती. मुलगी म्हणाली, पहिल्या दिवशी वर्गात हाच गोंधळ झाला होता. एका मुलीने विचारलं, बाई, अंगठ्यात का अंगठी घातली? ही म्हणाली, मग अंगठी हे नाव कशावरून पडलं? तेव्हापासून वर्गातल्या मुली गवताची वळी करून अंगठ्यात घालतात.

मी हसलो आणि विषय सोडून दिला. पण परतीच्या एसटीत माझ्या मनात ते येत राहिलं. आमच्या घरात अंगठी एकदा बोटात गेली की गेली. माझी लग्नातली अंगठी माझ्या बायकोने त्यानंतर कधी हातात घेतली असेल, असं मला आठवेना.

मग मे महिन्यात मोठं वादळ आलं. त्या दिवशी सकाळी मी मुलीच्या सासरी कालीपत्ती चिकूचा क्रेट पोचवायला गेलो होतो. दुपारनंतर वारा सुटला, आभाळ काळं झालं आणि तासाभरात पाड्यावरची अर्धी कौलं अंगणात आली. रस्त्यावर झाडं पडली, एसटी बंद. मोबाईलचा टॉवरही गेला. मी तिथेच अडकलो. घरात मुलगी, तिची सासू आणि मी. सासरे भावाच्या घरावरचं छप्पर धरायला गेलेले. जावयाला मी पोचायच्या आधीच फोन आला होता आणि तो गेला होता. जाताना वेढणं मुलीच्या अंगठ्यात घालून गेला होता.

संध्याकाळ गेली, रात्र गेली, तो आला नाही. कुठल्या खांबावर आहे, कुणाबरोबर आहे, काही कळायला मार्ग नव्हता. सकाळी मुलगी तांदळाच्या भाकऱ्या करायला बसली. पीठ मळताना ते वेढण्याच्या वळशांत भरत होतं.

"काढून ठेव की," मी म्हटलं. "पीठ जातंय त्यात."

"असू दे."

ती भाकरी थापायची आणि मधेच थांबायची, तेव्हा अंगठा मुठीत धरायची. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "बसा, भाऊ. तुम्ही रस्त्याला उभं राहून तो लवकर नाही यायचा." त्या चुलीशी लाकूड सारत होत्या. "याचा बाप खलाशी जायचा, बोटीवर. आठवडा आठवडा माहीत नाही पडायचं. मी भात कांडायची. काय करणार?" मग त्यांनी माझ्यासमोर कोरा चहा ठेवला. मी तो प्यायलो.

जेवणवेळेला तो आला. एका ट्रॅक्टरने त्याला रस्त्यावर सोडलं होतं. पायांपासून मानेपर्यंत चिखल, हातात पिवळं हेल्मेट, डोळे लाल. अंगणात आला, हेल्मेट भिंतीशी ठेवलं आणि पाणीबिणी न मागता डावा हात पुढे केला. मुलगी उठली. ओढणीच्या टोकाने तिने वळशांतलं पीठ काढलं, वेढणं सैल केलं, आपल्या अंगठ्यातून त्याच्या बोटात घातलं आणि पिळून घट्ट केलं. त्याचा हात चिखलाने भरलेला होता. मग म्हणाली, "आता हातपाय धू."

विहीणबाई आत भात वाढायला गेल्या. मी चिकूच्या क्रेटपाशी बसून पिकलेली फळं वेगळी काढत होतो, कारण मला कुठेतरी बघायला हवं होतं.

तेव्हा त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "पप्पा? तुम्ही कधी आलात?"

"काल."

"अरेरे, लाईट नव्हती. तुम्हाला त्रास झाला असेल."

रात्रभर तारा जोडून आलेला माणूस माझी माफी मागत होता. "चिकू खा," मी म्हटलं, आणि त्यातला सगळ्यात चांगला त्याच्या हातात दिला.

घरी परतल्यावर मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग? तार गुंडाळून दिली म्हणत होतात." मी मान्य केलं. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

यंदा डहाणूजवळच्या कैनाड गावात माझ्या पुतण्याचं लग्न होतं. भर दुपारचं, मांडवात पंखे आणि एका कोपऱ्यात डीजे. जावई ड्युटी संपवून थेट तिथेच आला. मुलगी शाळेतून परस्पर आली होती आणि बायकांच्या पंगतीत वाढत होती. माझे एक चुलतकाका आहेत, ऐंशीच्या पुढचे, आवाज मोठा. त्यांनी जावयाला जवळ बोलावलं, हात हातात घेतला, उलटसुलट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला विचारलं, "काय रे, जावयाच्या बोटात काही नाही? दिलंस की नाही काही?"

पूर्वी मला हा प्रश्न झोंबला असता. मी म्हटलं, "दिलंय, काका. ते बघा तिकडे, वाढतंय." आणि मुलीच्या अंगठ्याकडे बोट केलं.

काकांनी तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बाईच्या अंगठ्यात?"

"त्याचंच आहे."

"मग त्याच्या हातात का नाही?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात वीज गेली. डीजे गप्प, पंखे थांबले, मांडवातून एकदम "अरे!" असा आवाज आला. सगळ्यांच्या माना जावयाकडे वळल्या, जणू त्यानेच घालवली. तो तोवर फोनवर बोलत होता. तिथला लाईनमन त्याच्या ओळखीचा निघाला. डीपीवरचा, म्हणजे तिथल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज गेला होता आणि तो एकटाच होता, सोबत कुणी नव्हतं.

"पप्पा, मला जरा सोडता का? दोन मिनिटांवर आहे."

मी लग्नातल्या सिल्कच्या झब्ब्यात स्कूटरवर बसलो, तो मागे. डीपी शेताच्या बांधावर होता. दुसरा लाईनमन आधीच येऊन उभा होता. त्याने सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घेतली, दोघांनी तपासली, मगच हात घातला. जावयाने घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, पाकीट दिलं. वर चढण्याआधी वळून माझ्या हातांकडे बघितलं आणि हसला.

"तुम्ही त्या आंब्याखाली उभे राहा, पप्पा. तुमच्या बोटांत सगळे धातू आहेत. इकडे येऊच नका."

"बरं," मी म्हटलं, आणि आंब्याखाली जाऊन उभा राहिलो.

तो चढला. खालून त्याचा हात दिसत होता, तारेशी, फ्यूजशी, सावकाश. मी त्याचं घड्याळ मुठीत धरून उभा होतो. माझं लक्ष त्याच्या बोटांवरून हलत नव्हतं. शेवटी त्याने खाली उतरून पाय जमिनीला टेकवले. मग दुसऱ्याने फोन केला, आणि शेताच्या पलीकडून, मांडवाच्या दिशेने, डीजे एकदम गरजला. आम्ही तिघंही हसलो.

"तूही चल रे जेवायला," मी दुसऱ्या लाईनमनला म्हटलं. तो नको नको म्हणत होता, पण जावयाने त्याला त्याच्याच मोटारसायकलवर बसवून आणलं.

मांडवात शिरलो तेव्हा पुरुषांची शेवटची पंगत बसत होती. चुलतकाकांनी आम्हाला बघून हात केला. "इकडे आण दोघांना," ते ओरडले. पंख्याखाली बसलेल्या दोन जणांना त्यांनी सरकवलं आणि जावयाला आपल्या शेजारी बसवलं. मुलगी जिलबीचं ताट घेऊन रांगेतून येत होती. त्याच्यापाशी आल्यावर तिने ताट खाली ठेवलं आणि ती अंगठ्यातलं वेढणं सैल करायला लागली. काका वाकून बघायला लागले.

"हळू फिरव गं," ते म्हणाले. "चोख दिसतंय."